शाखा ठरवण्याआधी गणिताचं ठरवा

तुम्ही जे विचारलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं नीट लागेल. लेकीला दहावीत ९०.२० टक्के मिळालेत. शाळा सेमी-इंग्रजी. इतिहास जीव की प्राण, हाताला लागेल ते पुस्तक वाचते, विज्ञानही ‘तसं बरं’ आहे. तिला आर्ट्सला जायचंय. तिचे बाबा, आजोबा, मामा या सगळ्यांचं म्हणणं एकच : सायन्स घे, सायन्सवरून कुठेही जाता येतं, आर्ट्सवरून परत फिरता येत नाही. अकरावीच्या अर्जाचा पसंतीक्रम भरायला तीन आठवडे उरलेत, घरात रोज रात्री हाच विषय आहे, आणि तुम्ही मधल्या मध्ये अडकला आहात.

मी एकवीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवलं. त्यातली बरीच वर्षं जून-जुलैमध्ये अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलावर बसले. गेली आठ वर्षं दहावी-बारावीच्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी याच विषयावर बोलते आहे. आयुष्य विज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे विज्ञान शाखेबद्दल मला आकस नाही, उलट माया आहे. तरीही ‘सायन्स घेतलं की सगळे मार्ग उघडे राहतात’ हे वाक्य मी टेबलापलीकडून इतक्या वेळा ऐकलंय आणि दोन वर्षांनी त्याचे परिणाम इतक्या वेळा पाहिलेत, की त्याच वाक्यापासून सुरुवात करावी लागेल.

ते वाक्य खोटं नाही. बारावी सायन्सचा विद्यार्थी बी.ए.ला जाऊ शकतो, बी.कॉम.ला जाऊ शकतो, लॉ करू शकतो. बारावी आर्ट्सच्या विद्यार्थ्याला इंजिनिअरिंग, एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, फार्मसी, बी.एस्सी. नर्सिंग, बी.एस्सी. अ‍ॅग्री यातलं काहीही मिळत नाही. अकरावी झाल्यावर शाखा बदलायची म्हटली तर सायन्सकडून आर्ट्सकडे येता येतं, आर्ट्सकडून सायन्सकडे जाता येत नाही. तिचे आजोबा सांगतात ते इतपत बरोबरच आहे, आणि त्यांची काळजीही खरी आहे.

पण या हिशोबात फक्त दारं मोजली जातात. त्या दारांपर्यंत मूल कुठल्या अवस्थेत पोचतं, ते मोजलं जात नाही. माझ्या वर्गात दरवर्षी दहा-बारा मुलं तरी ‘मार्ग उघडे ठेवायला’ आलेली असायची. पहिल्या घटक चाचणीपर्यंत ती पुढच्या बाकांवर दिसत. दिवाळीनंतर मागे सरकत. बारावीला प्रॅक्टिकलपुरती येत. बोर्डाला पन्नास-पंचावन्न टक्के, सीईटीत काही नाही, आणि मग बी.ए.चा अर्ज. दार उघडंच होतं, पण आत आलेलं मूल दहावीला आलं होतं ते नव्हतं. ‘आपल्याला जमत नाही’ हे ते दोन वर्षांत शिकून आलेलं असायचं, आणि ते पुसायला पुढची दोन-तीन वर्षं जायची. ज्या मुलाला आर्ट्समध्ये ऐंशी टक्के पडले असते, वाचनाची बैठक पक्की झाली असती, भाषणं-निबंध-प्रकल्प करून अंगात धीटपणा आला असता, ते मूल तिसऱ्या फेरीत मिळेल त्या कॉलेजात बी.ए.ला बसायचं. हा खर्च कुठल्याच प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेला नसतो.

आता गुणपत्रिकेकडे येऊ. तुम्ही विषयवार गुण दिलेत ते बरं केलंत. मराठी ९३, हिंदी-संस्कृत ९५, इंग्रजी ८६, गणित ७१, विज्ञान ८२, सामाजिक शास्त्रे ९५. बोर्ड ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ धरतं, म्हणजे सहा विषयांतले सर्वांत चांगले पाच. त्या पाचांची बेरीज ४५१, म्हणून ९०.२०. म्हणजे ज्या टक्केवारीच्या जोरावर घरात ‘नव्वद पडलेत, सायन्स नाही घ्यायचं तर काय’ असं बोललं जातंय, त्या टक्केवारीत गणित मोजलेलंच नाही. सहाही विषय धरले तर बरोबर ८७ टक्के होतात. फरक फार मोठा नाही, पण तो नेमका कुठे आहे ते बघा.

आणखी एक पायरी खाली उतरा. गणितातल्या शंभरांपैकी ८० लेखी, म्हणजे बीजगणित ४० आणि भूमिती ४०. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि ते बहुतेक शाळांत सढळ हातानेच मिळतात. ते एकोणीस धरले तर लेखीत तिला ८० पैकी ५२ आहेत. विज्ञानातही ८० लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे, म्हणजे तिथे साधारण ६३. हे गुण वाईट अजिबात नाहीत. पण सायन्समध्ये शिरताना ‘नव्वदची मुलगी’ म्हणून शिरू नये, गणितात ८० पैकी ५२ मिळवलेली मुलगी म्हणून शिरावं. आणि मुख्य म्हणजे ते २८ गुण कुठे गेले हे तिला विचारावं. वेळ पुरला नाही? आकडेमोडीत चुका झाल्या? की भूमितीची सिद्धता पाठ केली होती आणि ती आठवली नाही? पहिली दोन कारणं सरावाने जातात. तिसरं कारण असेल तर अकरावीत ते पहिल्याच महिन्यात समोर उभं राहतं.

ते कसं, हे फिजिक्सवाली म्हणून सांगते. आपल्या बोर्डाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिला धडा एककं आणि मापनाचा. दुसरा थेट गणिती पद्धतींचा : सदिश (व्हेक्टर), त्यांचे गुणाकार, आणि कॅल्क्युलसची तोंडओळख. गणिताच्या पुस्तकात डिफरन्सिएशन दुसऱ्या भागात, म्हणजे वर्षाच्या उत्तरार्धात येतं. त्यामुळे गणिताचे सर शिकवायच्या कितीतरी आधी फिजिक्सच्या तासाला मुलांना ते वापरावं लागतं. दहावीपर्यंत विज्ञान म्हणजे बरंचसं वाचून समजणारं, आकृती काढून लिहिता येणारं असतं. अकरावीत ते गणिताच्या भाषेत बोलायला लागतं. दहावीला ‘विज्ञान आवडतं’ म्हणणाऱ्या मुलांपैकी अनेकांना प्रत्यक्षात विज्ञानाच्या गोष्टी आवडत असतात : ग्रह-तारे, पेशी, शोधांच्या कथा. ती आवड खरीच असते आणि आयुष्यभर जपावी अशीच असते. पण रोज दोन तास गणितं सोडवण्याची आवड निराळी, आणि सायन्स शाखा चालते ती या दुसऱ्या आवडीवर.

परीक्षाही त्याच वळणाच्या आहेत. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुपमध्ये २०० पैकी १०० गुण गणिताचे, कारण तिथल्या पन्नास प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण आहेत. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला पन्नास-पन्नास. म्हणजे इंजिनिअरिंगच्या वाटेवर अर्धी लढाई गणिताचीच. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गणिताचा पेपर नाही, ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे असतात, पण फिजिक्सचे १८० आहेतच, आणि बायोलॉजी उत्तम असूनही मागे पडलेल्या बहुतेक मुलांना मी फिजिक्समध्येच अडकताना पाहिलंय. तुमच्या लेकीला डॉक्टर व्हायचंय असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. तिला तसं मनापासून वाटत असतं तर हे उत्तर वेगळं झालं असतं.

आता दुसरी बाजू. इथे तुमच्या लेकीलाही एक अवघड गोष्ट सांगायची आहे.

तिला आर्ट्स इतिहासासाठी घ्यायचंय की गणितापासून सुटका म्हणून? तिला हे एकटीला बसवून, बाबा आणि मामा आसपास नसताना विचारा. दोन्ही कारणं असू शकतात, एकातलं दुसरं तिला स्वतःलाही वेगळं करता येत नसेल. पण दुसरं कारण मोठं असेल तर आर्ट्स तिला तिथे आसरा देणार नाही. आपल्याच बोर्डाच्या अकरावी अर्थशास्त्रात तिसरा धडा विभाजन मूल्यांचा आहे : चतुर्थके, दशमके, शतमके काढायची. बारावीत निर्देशांक. पुढे बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं तर संख्याशास्त्र येतं. लॉच्या ‘क्लॅट’ प्रवेशपरीक्षेत संख्यात्मक प्रश्नांचा विभाग असतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सीसॅटचा, म्हणजे आकलन, तर्क आणि अंकगणिताचा पेपर २०० गुणांचा, त्यात ३३ टक्के मिळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि माझ्या माहितीतली भाषेत, इतिहासात उत्तम असलेली मुलं तिथे दोन-दोनदा अडकली आहेत. तेव्हा गणितापासून पळायला म्हणून आर्ट्स घेणं, हे मी पाहिलेल्या सगळ्या कारणांत सर्वांत वाईट कारण.

म्हणूनच मी पालकांना सांगते, कला की विज्ञान हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि आधी दुसरा सोडवा : बारावीपर्यंत गणित ठेवायचं की नाही? आपल्याकडे समजूत अशी की गणित म्हणजे सायन्सवाल्यांचं. प्रत्यक्षात बोर्डाचं अकरावी-बारावीचं ‘गणित व संख्याशास्त्र’ हे पुस्तक कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसाठी एकच आहे. आर्ट्सचा विद्यार्थी ऐच्छिक विषयांत इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांच्या जोडीला गणित घेऊ शकतो. इंग्रजी सक्तीचं, एक दुसरी भाषा, आणि चार ऐच्छिक विषय अशी ती रचना असते. फार थोडी मुलं हे करतात, कारण फार थोड्यांना ते माहीत असतं. ज्यांनी केलं त्यांच्यासाठी बरंच काही वेगळं घडतं. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं तर दुसऱ्या वर्षापासून इतरांना जे डोंगराएवढं वाटतं ते त्यांना ओळखीचं असतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीसाठी बारावीला गणित आणि इंग्रजी लागतं, फिजिक्सची अट नाही. म्हणजे आर्ट्समध्ये गणित घेतलेली मुलगी तिथली प्रवेशपरीक्षा देऊ शकते. अवघड परीक्षा आहे, पण दार आहे, आणि ‘आर्ट्सवरून काही होत नाही’ म्हणणाऱ्यांच्या यादीत ते कधीच नसतं.

अडचण अशी की बोर्डाने परवानगी दिली तरी प्रत्येक कॉलेज आर्ट्सला गणित शिकवत नाही. आठ-दहा मुलांसाठी वेगळं वेळापत्रक बसवायला अनेक ठिकाणी नकार मिळतो. हे फोनवर विचारू नका, प्रत्यक्ष जा. कार्यालयात विचारा, पर्यवेक्षकांना भेटा, आणि ‘आहे’ म्हणाले तर गेल्या वर्षी किती मुलांनी घेतलं होतं आणि तास कोण घेत होतं हेही विचारा. जिथे सायन्स आणि आर्ट्स दोन्ही शाखा एकाच आवारात आहेत, तिथे आर्ट्सच्या मुलांना सायन्सच्या गणिताच्या तासाला बसवण्याची सोय होऊ शकते. आमच्याकडे एक वर्ष आम्ही तसं केलं होतं. तिघी मुली होत्या, आणि तिघींनीही ते पुरं केलं.

आर्ट्स सोपं आहे हा गैरसमजही याच ओघात काढून टाकते. २०२५ च्या बारावीच्या निकालात विज्ञान शाखेचे ९७.३५ टक्के विद्यार्थी पास झाले आणि कला शाखेचे ८०.५२ टक्के. अभ्यासक्रम कठीण म्हणून असं होतं असं मी म्हणणार नाही. अनेक ठिकाणी आर्ट्सचे वर्ग भरतच नाहीत, मुलं कामाला जातात, प्रवेश ‘नाव लागावं’ म्हणून घेतलेला असतो. पण तुमच्या लेकीच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ महत्त्वाचा आहे : सायन्समध्ये कॉलेज सुमार असलं तरी क्लासेस, मित्र, सीईटीचा धाक हे सगळं मुलाला ओढत नेतं. आर्ट्समध्ये ओढणारं काही नसतं. तिथे कॉलेज आणि मुलीची स्वतःची शिस्त, यांवरच सगळं उभं राहतं. म्हणून आर्ट्स घ्यायचं ठरलं तर कॉलेज निवडताना सायन्सपेक्षा दुप्पट काळजी घ्यावी लागते. दुपारी कॉलेजात जाऊन या. वर्ग भरलेला आहे का? ग्रंथालयातून मुलांना घरी पुस्तकं मिळतात की फक्त काउंटरवरून बघता येतात? मानसशास्त्राला स्वतंत्र शिक्षक आहेत की दुसऱ्याच विषयाचे सर ते सांभाळतात? या तीन गोष्टी पाहिल्या की कट-ऑफ पाहण्यापेक्षा जास्त कळतं.

तुम्ही विचारलंत की आर्ट्स घेतलं तर नेमकं काय बंद होतं. वर सांगितलं त्यात आणखी भर म्हणजे एनडीएमधून नौदल आणि हवाई दल. तिथे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. लष्करासाठी मात्र कुठलीही शाखा चालते, आणि मुलींना ती परीक्षा २०२१ पासून खुली झाली आहे. त्या परीक्षेतही ९०० पैकी ३०० गुण गणिताचे, म्हणजे पुन्हा तिथेच आलो. आर्किटेक्चरलाही फिजिक्स आणि गणित लागतं. बंद होत नाही ते असं : पाच वर्षांचा लॉ, डिझाइन, पत्रकारिता, हॉटेल मॅनेजमेंट, डी.एल.एड. करून शिक्षकी पेशा, समाजकार्य, मानसशास्त्र, भाषा आणि अनुवाद, आणि बहुतेक स्पर्धा परीक्षा. समुपदेशक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला बी.ए. मानसशास्त्राची वाट चालते. औषधं लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएस हवं. या दोघांतला फरक बारावीनंतर कळून रडलेल्या दोन मुली मला माहीत आहेत, म्हणून आत्ताच सांगते.

तिचे मामा यूपीएससीचं म्हणाले असतील, म्हणतातच. ‘यूपीएससी करायचंय म्हणून आर्ट्स’ हे कारणही मी स्वीकारत नाही, आणि ‘इंजिनिअर होऊन यूपीएससी’ हेही नाही. ती परीक्षा देता येते एकविसाव्या वर्षी, कुठल्याही पदवीवर. पंधराव्या वर्षी शाखा निवडताना तिचं ओझं नको.

एक गोष्ट तिच्या बाबांशी बोलण्यासाठी. इतिहासाची आवड असलेल्या मुलीला ते विचारतील, ‘इतिहास करून पोट कसं भरणार?’ हा प्रश्न झटकून टाकू नका, त्याला उत्तर द्या. नुसत्या बी.ए.ने सहसा भागत नाही. नुसत्या बी.एस्सी.नेही भागत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. दोन्हीकडे पदवीनंतरचं दुसरं काहीतरी लागतं : एम.ए., लॉ, बी.एड., व्यवस्थापन, एखादं पक्कं कौशल्य. तेव्हा आर्ट्स म्हणजे पाच-सहा वर्षांची वाट, तीन वर्षांची नाही, हे घराने आधीच मान्य करावं लागतं. तेवढं थांबणं घराला परवडणार नसेल, तिने लवकर कमावणं गरजेचं असेल, तर ते मोकळेपणाने तिच्याशी बोला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि मग पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांच्या पदविकेसारख्या वाटा दोन्ही शाखांच्या आधी विचारात घ्याव्या लागतील. तुमच्या लिहिण्यावरून तशी अडचण दिसत नाही.

बाबांना आणखी एक सांगता येईल. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी देशभर ओळखलं जातं. त्यांनी इनामगावला १९६८ पासून पुढे बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे सापडलेल्या जळक्या धान्यावरून आणि जनावरांच्या हाडांवरून साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी काय पेरत होते, काय खात होते, दुष्काळात त्यांचं काय झालं, याचा माग काढला गेला. हा इतिहास आहे की विज्ञान? त्या कामात वनस्पतिशास्त्रवाले होते, प्राणिशास्त्रवाले होते, इतिहासवालेही होते. तिथे एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नकोत असं स्वच्छ लिहिलंय. अकरावीच्या अर्जात आजही एकाच शाखेवर खूण करावी लागते, हे खरंच. पण तुमच्या मुलीने ती भिंत डोक्यात बांधून घ्यायचं कारण नाही.

आणि कृपा करून ‘मुलगीच आहे, घेऊ दे आर्ट्स’ हे वाक्य घरात कुणाला उच्चारू देऊ नका. सायन्सचा आग्रह संपला की पुष्कळ घरांत पुढचं वाक्य हेच येतं. पहिल्याने मुलीवर ओझं पडतं, दुसऱ्याने तिच्या निवडीची किंमतच जाते. या दोन्हींत मला दुसरं जास्त लागतं.

आता करायचं काय. तीन आठवड्यांतले दोन आठवडे असे वापरा. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची सगळी पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. फिजिक्सचा दुसरा धडा, गणिताच्या पहिल्या भागातले कुठलेही दोन धडे, इतिहासाचे दोन आणि अर्थशास्त्राचा तो विभाजन मूल्यांचा धडा काढून घ्या. रोज दीड तास. एक दिवस फिजिक्स-गणित, एक दिवस इतिहास-अर्थशास्त्र, आलटून पालटून. फक्त वाचायचं नाही, धड्याखालचा स्वाध्याय वहीत सोडवायचा. अडलं तर विचारायला कुणी तरी शेजारचा बारावीचा मुलगा किंवा मुलगी गाठा. संध्याकाळी ‘आवडलं का?’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर ती ज्या बाजूला झुकलेली आहे त्या बाजूचंच येईल. तुम्ही लांबून दोनच गोष्टी बघा. अडल्यावर ती काय करते : वही मिटते, की दुसऱ्या कागदावर पुन्हा मांडून बघते? आणि न सांगता पुन्हा कुठलं पुस्तक उघडते? माझ्या अनुभवात अभिरुची चाचण्यांच्या छापील अहवालापेक्षा हे दोन आठवडे जास्त खरं बोलतात. त्या चाचण्यांना माझा विरोध नाही, पण महागडा अहवाल हातात घेऊन त्यावरून घरात नवं भांडण सुरू झालेलं मी पाहिलंय.

भाषेचंही याच दोन आठवड्यांत कळेल. सायन्स जवळजवळ सगळीकडे इंग्रजीतूनच शिकवतात. सेमी-इंग्रजी असल्यामुळे तिला गणित-विज्ञानाचे शब्द नवे नाहीत, ही जमेची बाजू. आर्ट्समध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमं असतात, आणि इथे पालक घाईने इंग्रजी निवडतात. आतापर्यंत इतिहास-भूगोल मराठीतून शिकलेल्या मुलीला एकदम इंग्रजीतून दीर्घोत्तरं लिहायला लावलं की पहिल्या सहामाहीत तिचे गुण आणि हुरूप दोन्ही उतरतात. तिने आधी दोन्ही भाषांत एकेक उत्तर लिहून बघावं आणि मग ठरवावं. मराठीतून घेतलं तर इंग्रजी वाचन रोजचं ठेवावं लागेल, कारण पुढच्या प्रवेशपरीक्षा आणि संदर्भग्रंथ इंग्रजीत आहेत.

माझं मत विचाराल तर, तुम्ही लिहिलंत तेवढ्यावरून, मी तिला आर्ट्स सुचवेन : इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा राज्यशास्त्र, आणि गणित. दुसरी भाषा मराठी. गणिताला रोज चाळीस मिनिटं, शक्य तर सकाळी. त्या ५२ गुणांवर जीव तोडून काम केलं तर ती ते पेलेल असं मला वाटतं, कारण बाकीच्या विषयांतले गुण सांगतात की ही मुलगी नेटाने बसू शकते. गणित अगदीच झेपेना असं दिवाळीपर्यंत दिसलं तर विषय बदलण्याबद्दल कॉलेजात लगेच बोला, त्याला मुदत असते.

पण दोन आठवड्यांत उलटंच दिसलं, म्हणजे फिजिक्सच्या गणितावर ती रात्री अकरापर्यंत बसली आणि इतिहासाचा धडा एकदा वाचून बाजूला ठेवला, तर तिचं आधीचं म्हणणं धरून बसू नका, सायन्सच द्या. पंधराव्या वर्षी मन बदलतं, तेवढी मोकळीक तिला असू द्या. तसं झालं तर दोन गोष्टी सांभाळा. सायन्सची बरीच मुलं मराठी सोडून आयटी घेतात, कारण त्यात गुण मिळतात. तुमच्या मुलीने मराठी सोडू नये, दिवसातला तेवढाच एक तास तिचा स्वतःचा असेल. आणि पीसीएम की पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजी) यावरून अडलात तर गणित ठेवा. गणित घेऊन बारावी झालेल्याला बायोलॉजी अतिरिक्त विषय म्हणून नंतर देऊन नीटसाठी पात्र होता येतं, २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तशी मुभा दिली आहे. चारही विषय घेऊन दोन्ही परीक्षांची तयारी करण्याचा सल्ला मी या गुणांवर देणार नाही.

क्लासचं लगेच ठरवू नका. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात ‘आजच पैसे भरा, सवलत मिळेल’ म्हणणारे फोन येतात. दोन वर्षांची फी एकदम भरून टाकली की मूल बुडत असताना दिसलं तरी शाखा बदलायची हिंमत आई-बापांना होत नाही, भरलेले पैसे डोळ्यांपुढे येतात. पहिली सहामाही होईपर्यंत कॉलेजचे तास आणि घरचा अभ्यास यांवर राहा. प्रवेशाच्या वेळी ‘कॉलेजला यायची गरज नाही, क्लासमध्येच सगळं होतं’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. मी स्वतः रिकाम्या प्रयोगशाळेत उभी राहिले आहे, त्या वर्षीच्या मुलांना बारावीच्या प्रात्यक्षिकाला व्हर्निअर कॅलिपर हातात कसा धरायचा ते माहीत नव्हतं.

अर्ज भरताना एवढं ध्यानात ठेवा. २०२५ पासून ही ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली आहे आणि जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात. प्रत्येक पर्याय म्हणजे कॉलेज, शाखा आणि माध्यम यांची जोडी, त्यामुळे एकाच कॉलेजचे दोन पर्याय नावावरून सारखे दिसतात आणि चुकीचा भरला जातो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. म्हणून पहिल्या ओळीवर ‘बघू, मिळालं तर’ म्हणून काही टाकू नका. तिथे तेच कॉलेज लिहा जिथे तुम्ही दुपारी जाऊन आला आहात, जिथे गणिताचं कोण शिकवतं ते तुम्हाला नावानिशी माहीत आहे. आणि ती ओळ तिला स्वतःच्या हाताने भरू द्या, बाबा शेजारी बसलेले असताना.